सशाचं म्हातारपण

सशांची वीण म्हटली की १८५९ साली थॉमस ऑस्टिनने ऑस्ट्रेलियात सोडलेले मूठभर ससे आठवतात. पण पाळीव मादीचं गर्भाशय काढतात, ते केवळ पिल्लं आवरण्यासाठी नाही. १९३८ साली अमेरिकेत ग्रीन आणि सॅक्स्टन यांनी प्रयोगशाळेतल्या सशांच्या गर्भाशयातल्या गाठींवर शोधनिबंध लिहिला. वयाबरोबर कर्करोगाचा धोका वाढतो, हे पुढे स्पष्ट झालं. पण मांसासाठी, कातडीसाठी पाळलेल्या सशाला म्हातारं होऊ कोण देणार? १९८८ साली कॅलिफोर्नियात हाउस रॅबिट सोसायटी उभी राहिली. ससा पिंजऱ्यातून घरात आला, वर्षानुवर्षं जगू लागला, तेव्हा ते जुनं ज्ञान कामी आलं. ज्या सशांच्या शरीरांतून ते मिळालं, त्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.