लिहून दिलं, प्रमोशन नको

परवा पासबुक भरून घ्यायला नागापूरच्या एका बँकेत गेले होते. काउंटरवर तिघी मुली, भराभर काम उरकणाऱ्या. बरं वाटलं. मग काचेच्या केबिनकडे नजर गेली. तिथे साहेबच! घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

मंडळी, आमच्या लहानपणी बँकेत बाई दिसणं म्हणजे नवल. १९ जुलै १९६९ ला इंदिरा गांधींच्या सरकारने १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यात सेंट्रल बँक होती, आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. पुढे गावोगावी शाखा निघाल्या, माणसं लागू लागली. ऐंशीच्या दशकात भरती मंडळाच्या लेखी परीक्षा व्हायच्या. मुलाखत होतीच, पण आधी पेपर. आणि पेपरात ओळखपाळख चालत नाही, गणित यावं लागतं! मला वाटतं, आमच्याकडच्या मुलींना बँकेचं दार या परीक्षेनेच उघडून दिलं.

माझी एक विद्यार्थिनी अशीच १९८४ साली क्लार्क म्हणून लागली. पेढे घेऊन आली होती. १९९३ साली तिला ऑफिसर व्हायची संधी आली. क्लार्क राहिलं तर नोकरी जवळपास, ऑफिसर झालं की बदली देशात कुठेही. पदरात दोन लहान मुलं, सासूबाई अंथरुणावर. मला विचारायला आली, "बाई, काय करू?"

मी म्हटलं, "संसार बघ गं. प्रमोशन काय, पुन्हा येईल."

तिने लिहून दिलं, प्रमोशन नको. ते पुन्हा आलं नाही. तिच्याबरोबर लागलेला मुलगा मॅनेजर झाला, ही क्लार्क म्हणूनच रिटायर झाली.

गंमत बघा, त्याच १९९३ साली मुंबईत तर्जनी वकील एक्झिम बँकेच्या अध्यक्ष झाल्या. २००० साली रंजना कुमार इंडियन बँकेच्या प्रमुख झाल्या, २०१३ साली अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या. मुलांसाठी किंवा घरातल्या म्हाताऱ्यांसाठी बायकांना दोन वर्षांपर्यंत रजा घेता यावी, अशी सोय त्यांच्या काळात स्टेट बँकेत झाली. २०१४ साली केंद्र सरकारनेही सरकारी बँकांना कळवलं, की लग्न झालेल्या बाईला शक्यतो नवऱ्याच्या गावाजवळ आणि अविवाहितेला आईवडिलांजवळ नेमणूक द्यावी. म्हणजे अडचण हुशारीची नव्हती, बदलीची होती, हे सरकारलाही पटलं. पण आमच्या मुलीला त्याला एकवीस वर्षं उशीर झाला.

बदलीचा नियम बँकेचा, हे खरं. पण "संसार बघ" हा नियम कुणाचा? तो आपण घराघरात चालवला. मी तर शाळेत "शिका, पुढे जा" सांगणारी बाई... तरी मीही तोच चालवला. तिच्या नवऱ्याला बोलावून "तू काय करशील?" असं विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

आज तिची मुलगी बँकेत ऑफिसर आहे, परराज्यात. नात सांभाळायला ही तिकडे जाऊन राहिली आहे. गेल्या दिवाळीत भेटायला आली, तेव्हा त्या जुन्या गोष्टीचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. काढायला हवा होता.

असो. तुमच्या घरात कुणी असं लिहून दिलं होतं का? जरूर कळवा.