उसन्या नावांचं गवत

आजीच्या लाकडी कपाटात खालच्या फळीवर एक चपटी काचेची बाटली असायची. पिवळसर तेल, बुचाला गुंडाळलेली चिंधी. संध्याकाळी गुडघे धरले की ती त्यातले चार थेंब तिळाच्या तेलात टाकून चोळायची आणि जळगावच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात गुलाबाचा वास पसरायचा. अगदी गुलाब नव्हे. गुलाबात कुणी तरी ओली गवताची काडी मोडून टाकली असावी तसा. लहानपणी मी ते गुलाबाचं तेल समजायचो. आजी साक्री तालुक्यातली, धुळ्याकडची. ती हसून म्हणायची, "गुलाब कसाना, गवत शे हाई."

आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी इंजिनियर झालो, पुण्याला नोकरीला लागलो. एकदा साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचत होतो. आमच्या धंद्यात बारीक अक्षरं वाचायची खोड लागते. घटकांच्या यादीत शेवटी ‘जिरॅनिऑल’ असा शब्द होता. साबण नाकाशी नेला तर आजीची बाटली आठवली. तो शब्द शोधत गेलो आणि पोहोचलो पिंपळनेरला.

त्या बाटलीतलं तेल म्हणजे रोशा गवताचं तेल, रोशेल. विदर्भात याच गवताला तिखाडी म्हणतात. आयुर्वेदातल्या सुगंधी गवतांमध्ये ‘रोहिष’ येतं, त्याच्याशी या नावाचं नातं सांगितलं जातं. पावसाळ्यात सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या कोरड्या, उघड्या उतारांवर हे पुरुषभर वाढतं आणि पावसाळा सरता सरता फुलोऱ्यावर येतं. पात हातात चुरगळली की वास येतो. याचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जुळे भाऊ, पण वासाने वेगळे. मोतियाचं तेल गुलाबाकडे झुकतं, सोफियाचं आल्याकडे. मोतियाला उघडा, कोरडा उतार मानवतो, तर सोफियाला दमट, दाट रान. चांगलं तेल हवं असेल तर कापणाऱ्याला हा फरक उभ्या गवतात ओळखता यावा लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही ही दोन वेगळी करताना घाम फुटलेला आहे. कापणाऱ्यांना नाकाचा आधार होता.

1880 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरचा खंड छापला गेला. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे तुकडे 1906 साली पडले आणि त्यांचे पुढे जळगाव, धुळे आणि 1998 मध्ये नंदुरबार झाले. या खंडात रोशाच्या भट्टीचं वर्णन आहे आणि ते इतकं नेमकं आहे की वाचून भट्टी उभी करता यावी.

पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुमारास, तेल काढणारे मुसलमान कारागीर भिल्लांकडून गवत विकत घ्यायचे आणि वाहत्या ओढ्याच्या काठाला भट्ट्या लावायचे. खड्डा खणून मोठी चूल. तिच्यावर तांब्याचा किंवा लोखंडाचा हंडा, तीस ते पन्नास घागरी पाणी मावेल एवढा. तळाला थोडं पाणी, वर काठोकाठ चिरलेलं गवत, पुन्हा थोडं पाणी. वर झाकण, आणि झाकणाच्या कडेला गव्हाची भिजवलेली कणीक थापून तोंड बंद. झाकणाच्या भोकातून निघालेली बांबूची नळी दुसऱ्या बंद हंड्यात उतरायची आणि हा दुसरा हंडा ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला असायचा. नळीला कापड गुंडाळून त्यावर उडदाच्या पिठाचा लेप द्यायचा आणि वरून दोरी आवळायची. कळण्याची भाकरी खाणाऱ्या मुलखात उडदाच्या पिठाचा चिकटपणा कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. दुसरा हंडा भरत आला की हलायला लागायचा, तीच खूण. मग नळी हलक्या हाताने काढायची, हंड्यातलं पाणी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळायचं आणि वर तरंगलेलं तेल निपटून घ्यायचं. उरलेलं सुगंधी पाणी फेकायचं नाही, पुढच्या गवताबरोबर ते पुन्हा हंड्यात जायचं.

यातली खरी करामत तापमानाची आहे. या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल एकटा उकळायचा म्हटलं तर सुमारे 230 अंश सेल्सिअस लागतात. एवढ्या उष्णतेत गवत करपेल आणि वास जळून जाईल. पण पाण्याबरोबर तापवला तर दोघांच्या वाफांचा दाब एकत्र मिळतो आणि मिश्रण 100 अंशांच्या किंचित खालीच उकळू लागतं. बंद पडलेली एसटी एकट्याने हलत नाही, दोघांनी ढकलली की हलते, तसंच काहीसं. वाफ तेलाला सोबत घेऊन नळीतून निघते, ओढ्याच्या गारव्यात दोघं पुन्हा द्रव होतात आणि एकमेकांत मिसळत नसल्यामुळे आपोआप वेगळे होतात. ओढ्याकाठच्या कारागिरांना वाफेच्या दाबाचा नियम माहीत असायचं कारण नव्हतं. पण आच किती ठेवायची, हंडा कधी उतरवायचा, आधीचं पाणी का सांभाळायचं, हे ठाऊक होतं आणि त्यात तो नियम पुरता सांभाळला जात होता.

अशा जवळजवळ दोनशे भट्ट्या तेव्हा खानदेशात होत्या आणि त्यातल्या शंभराहून अधिक एकट्या नंदुरबारला. पण सुरुवात नंदुरबारची नव्हती. हा धंदा मूळचा पिंपळनेरचा. तिथलं गवत कमी झालं म्हणून भट्ट्या नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकल्या होत्या. म्हणजे 1880 मध्येच पिंपळनेरच्या रानाने हात टेकले होते. आजीचं माहेर त्याच भागातलं.

तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांवर लादलं जायचं. एक वाट कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला, दुसरी धुळे, मनमाड करत मुंबईला. धुळ्याहून सुरतेकडे जाणारे ट्रक आजही हाच कोंडाईबारी घाट उतरतात.

आणि मुंबईपासून पुढे या तेलाची नावं बदलायला लागतात.

मुंबईहून तेल तांबड्या समुद्रावरच्या बंदरांना जायचं, तिथून इस्तंबूलला. तुर्क त्याला इद्रिसचं तेल म्हणत. युरोपच्या बाजारात ते ‘तुर्की जिरेनियम तेल’ या नावाने ओळखलं जाई. जिरेनियमच्या झाडाशी या गवताचा काडीचाही संबंध नाही, आणि तुर्कस्तान म्हणाल तर तो निव्वळ वाटेतला मुक्काम. पण घेणारा ज्या दुकानातून घेतो त्याचंच नाव मालाला लागतं.

तुर्कांना हे तेल हवं होतं ते गुलाबाच्या अत्तरासाठी. तेव्हा उस्मानी साम्राज्यात असलेलं आणि आज बल्गेरियात असलेलं कझानलिक हे गुलाबाच्या अत्तराचं माहेरघर. एक किलो अत्तराला तीन-चार टन फुलं लागतात. इतक्या महाग मालात भेसळीचा मोह कुणाला आवरणार? आपल्याकडचं तेल लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर हलवून उन्हात ठेवायचे. त्याने रंग फिका व्हायचा आणि गवताचा उग्रपणा उतरायचा. मग ते गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडून पाकळ्यांसकट भट्टीत घालायचे. वाफेबरोबर दोन्ही एकत्रच बाहेर यायची.

ही भेसळ पचायची, कारण ती पूर्ण खोटी नव्हती. गुलाबाच्या अत्तरातही जिरॅनिऑल असतंच. रोशाच्या तेलात मात्र तेच तीन चतुर्थांशाच्या वर. एक रेणू गवतातून आला की पाकळीतून, हे रेणूवर लिहिलेलं नसतं. पकडायचे मार्ग होते ते बाकीच्या घटकांवरून. अस्सल अत्तरात मेणासारखा भाग असतो, त्यामुळे ते साधारण वीस अंशांच्या आसपास गोठायला लागतं. रोशाचं तेल मिसळलं की गोठत नाही. मग भेसळ करणारे व्हेल माशाच्या डोक्यातलं मेण घालून ते गोठवायचे.

आपणही या खेळात नुसते बघे नव्हतो. मुंबईहून निघणाऱ्या रोशाच्या तेलात रॉकेल, टर्पेंटाइन, खोबरेल मिसळलेलं सापडायचं. त्यासाठी परीक्षा होती: सत्तर टक्के अल्कोहोलच्या तिप्पट मापात शुद्ध तेल स्वच्छ विरघळतं, भेसळीचं गढूळ होतं. म्हणजे तिकडे गुलाबात गवत, इकडे गवतात रॉकेल.

1871 साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या तेलातला मुख्य घटक पहिल्यांदा वेगळा केला. त्याच्या हातात होतं ते भारतातून गेलेल्या गवताचं तेल, पण बाजारातलं नाव जिरेनियमचं. म्हणून पदार्थाचं नाव पडलं जिरॅनिऑल. व्यापाऱ्यांच्या वहीतली चूक रसायनशास्त्राच्या पुस्तकात गेली आणि तिथून माझ्या साबणाच्या वेष्टनावर आली. गवताच्या शास्त्रीय नावाचीही हीच गत. सिम्बोपोगॉन मार्टिनी यातला मार्टिन म्हणजे लखनौचा फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन. टिपूविरुद्धच्या लढाईत दक्षिणेत असताना त्याने या गवताचं बी गोळा केलं आणि लखनौला पेरलं. रॉक्सबर्गने त्याचं नाव गवताला दिलं. आजही सुगंधी वनस्पतींवर काम करणारी देशातली मोठी सरकारी संस्था, सीमॅप, लखनौलाच आहे आणि या गवताच्या सुधारित जातींवर काम करते. इंग्रजीत याला पामारोजा म्हणतात. त्या नावातही गुलाब आहे, रोशा नाही.

जिरॅनिऑलच्या रेणूत दहा कार्बन आहेत. पाच-पाच कार्बनच्या दोन विटा जोडल्यासारखे. वनस्पती अशाच विटा रचून हजारो पदार्थ बांधतात, हा विचार ऑटो वालाख आणि पुढे लिओपोल्ड रुझिच्का यांनी मांडला; दोघांनाही नोबेल मिळालं, 1910 आणि 1939 साली. दोन विटांचे पदार्थ हलके, उडून जाणारे. ते सुगंधी तेलांत सापडतात. सहा विटांचे जड, उडत नाहीत. ते राळेत, डिंकात साचतात. सातपुड्यात रोशा उगवतो त्याच उतारांवर साळईची झाडं उभी असतात. साळईच्या सालीला खाच मारली की जो डिंक पाझरतो, तो निखाऱ्यावर टाकला की धूप. त्यातली बोस्वेलिक आम्लं या सहा विटांच्या घराण्यातली. आजीकडे गुडघ्यासाठी रोशाचं तेल होतं आणि सांध्यांसाठी साळईचा डिंकही होता. ती त्यांना शेजारी शेजारी ठेवायची. रसायनशास्त्राने त्यांचं नातं सिद्ध केलं, हे तिला कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, एका डोंगरातले आहेत, नातं असणारच.

मला खटकत राहिली ती वेगळी गोष्ट. आमच्या कामात प्रोग्रामची प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, याची नोंद राहते. या तेलाच्या गोष्टीत मार्टिनची नोंद आहे, रॉक्सबर्गची आहे, याकोबसेनची आहे. भिल्लांचा उल्लेख गवत विकणारे म्हणून एका शब्दात येतो. म्हणून मी एक हिशोब मांडून पाहिला. त्या काळी खानदेशातून वर्षाला सुमारे साडेतीन टन तेल निघत होतं. गवताच्या वजनाच्या अर्धा टक्का तेल निघतं असं धरलं, आणि हे सढळ हाताने धरलेलं आहे, तरी सातशे टन गवत लागलं असणार. पंचवीस किलोचा एक भारा म्हटलं तर अठ्ठावीस हजार भारे. हे सगळे एका हंगामात विळ्याने कापलेले, मोतिया आणि सोफिया नाकाने निवडलेले, डोंगरावरून डोक्यावर उतरवलेले. ही संख्या कुठल्या दप्तरात नाही, ती माझी आहे आणि ढोबळ आहे. पण कोऱ्या जागेपेक्षा ढोबळ आकडा बरा.

पुढे हा धंदा आटला. गवताचे उतार नांगराखाली गेले, जंगलाचे कायदे आले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांनी टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून जिरॅनिऑल बनवायला सुरुवात केली. टर्पेंटाइन म्हणजे पाइनच्या राळेचा अर्क. दोन विटांचा एक पदार्थ मोडून दुसरा बांधला, इतकंच. साबणातलं जिरॅनिऑल आता बहुधा तिथूनच येतं. रोशाची शेती आजही होते, महाराष्ट्रातही होते. पण ओढ्याकाठच्या त्या शेकडो भट्ट्या गेल्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी जंगलात राहणाऱ्या समाजांना दिली आहे. अठ्ठावीस हजार भारे उतरले तेव्हा असा कायदा नव्हता.

गेल्या दिवाळीत पिंपळनेरला गेलो होतो. बाजारात एका जडीबुटीवाल्याकडे रोशेल मागितलं. त्याने छोटी बाटली काढली, बूच उघडून माझ्या मनगटावर थेंब लावला. मी वास घेतला आणि उगाच विचारलं, गुलाबाचं आहे का? त्याने माझ्याकडे शहरातून आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं.

"गवत शे," तो म्हणाला.

बाटली घेतली. घरी आल्यावर आईच्या गुडघ्याला लावली. तिळाच्या तेलात, चार थेंब.