एक रुपयाचे सभासदत्व : मुंबईच्या देशी शेअर दलाल संघटनेचा एक अभ्यास (१८७५ ते २००५)

प्रस्तावना

व्यापारी संघटनेचा इतिहास लिहिताना तिचे अध्यक्ष, तिची इमारत आणि तिने सरकारकडे धाडलेली निवेदने यांचाच विचार बहुधा केला जातो. सामान्य सभासदाला त्या संघटनेत असण्याचे मोल काय वाटत होते, हा प्रश्न त्यात मागे पडतो. मुंबईच्या 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन'च्या बाबतीत मात्र या मोलाचा माग आकड्यांतून काढता येतो. स्थापनेच्या वेळी तिची प्रवेश फी एक रुपया होती. १८७७ मध्ये ती पाच रुपये, १८९६ मध्ये एक हजार, १९१६ मध्ये अडीच हजार आणि १९२० मध्ये ४८,००० रुपये झाली. या काळात सभासदसंख्या ३१८ वरून ४७८ पर्यंतच गेली. म्हणजे सभासद जेमतेम दीडपट झाले आणि प्रवेशाचे मूल्य अठ्ठेचाळीस हजारपट. या विषम वाढीचा अर्थ काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वडाच्या झाडाखालून दलाल स्ट्रीटकडे

मुंबईत शेअर दलालीचा धंदा संघटनेच्या आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बँका व व्यापारी यांनी मान्य केलेले दलाल हाताच्या बोटांवर मोजता येण्याइतकेच होते. ते टाऊन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली जमत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्या पैशातून नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रिक्लमेशनच्या शेअरने तर शहराला वेड लावले. प्रेमचंद रायचंद यांचे नाव याच काळात सर्वतोमुखी झाले. दलालांची संख्याही पाहता पाहता दोनशेच्या वर गेली.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. मुदतीच्या सौद्यांची पूर्तता १ जुलै १८६५ रोजी व्हायची होती. त्या दिवशी देणे देऊ शकणारे थोडे आणि घेणे मागणारे अनेक, अशी अवस्था झाली. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली व १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. या आपत्तीचे वर्णन सामान्यतः लोभाची कथा म्हणून केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दलालीचा व्यवहार शब्दावर चालतो. सौदा तोंडी ठरतो, कागद मागाहून येतो. ओळखीच्या पाच-सहा माणसांत हा शब्द टिकतो. दोनशे अनोळखी माणसांच्या गर्दीत शब्द मोडणाऱ्याला जाब विचारणारे कोणीच नसते. १८६५ मध्ये नेमकी हीच उणीव उघडी पडली.

दलालांना १८७४ मध्ये आज दलाल स्ट्रीट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्लीत बसण्याची जागा मिळाली आणि ९ जुलै १८७५ रोजी संघटना स्थापन झाली. ३ डिसेंबर १८८७ रोजी तिचा रीतसर करारनामा झाला. दलालांची प्रतिष्ठा, दर्जा व हितसंबंध जपणे, दलाल आणि ग्राहक यांच्या वर्तनाची योग्य रीत ठरवणे व सभासदांसाठी सभागृहाची सोय करणे, ही उद्दिष्टे त्यात होती. यातील वर्तनाची रीत हा भाग विशेष लक्षणीय आहे. एक रुपया देऊन दलालाला मिळे ती केवळ बसण्याची जागा नव्हे. ज्याच्याशी सौदा करायचा तोही त्याच नियमांनी बांधलेला आहे, हा भरवसा मिळे. १८९९ मध्ये सभागृह खुले झाले.

भरवशापासून मालमत्तेपर्यंत

पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत ४८,००० रुपयांना मिळणाऱ्या प्रवेशाला निराळाच अर्थ आला होता. आता भरवशाइतकेच मोल दुर्मीळतेला होते. बाहेरचे जितके अधिक, तितके आतल्याचे आसन महाग. संघटनेच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्यावर मुंबई सरकारने १९२३ मध्ये ॲटले समिती नेमली, १९२५ मध्ये नियंत्रणाचा कायदा केला आणि १९२७ मध्ये संघटनेला त्याखाली मान्यता मिळाली. के. आर. पी. श्रॉफ यांनी १९२३ पासून १९६६ पर्यंत मानद अध्यक्षपद सांभाळले. एवढा दीर्घ सहभाग निष्ठेचा द्योतक मानावा की बंदिस्तपणाचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद होऊ शकतील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात. १९५६ च्या केंद्रीय कायद्यानुसार संघटनेला १९५७ मध्ये मान्यता मिळाली, पण मालकी, कारभार व व्यापार तिन्ही सभासदांच्याच हाती राहिले.

या रचनेची किंमत १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर मोजावी लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेअर बाजारात मालक व दलाल प्रथमपासून वेगळे होते. १९९४ मध्ये तेथे संगणकाच्या पडद्यावर शेअरचे सौदे सुरू झाले आणि वर्षभरातच त्याची उलाढाल मुंबईच्या जुन्या बाजारापेक्षा अधिक झाली. दलाल स्ट्रीटवरील रिंगणातला आरडाओरडा १९९५ मध्ये थांबला व तेथेही संगणक आले. रिंगणाजवळ असणे हेच ज्या कार्डाचे बळ होते, ते कार्ड आता देशातील कोणत्याही गावच्या पडद्याशी स्पर्धा करू लागले.

कार्ड म्हणजे नेमके काय, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. अहमदाबाद शेअर बाजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सभासदत्व ही सभासदाची मालमत्ता नसून व्यक्तिगत सवलत आहे, असे ठरवले. त्यामुळे प्राप्तिकर खात्याला ते जप्त करता येईना. टेक्नो शेअर्स प्रकरणात २०१० मध्ये त्याच न्यायालयाने मुंबईच्या कार्डाला परवान्यासारखा व्यावसायिक हक्क मानून त्यावर घसारा मंजूर केला. १८७५ चा एक रुपया आणि १९२० चे ४८,००० रुपये यांमधील जुनीच ओढाताण या दोन निकालांतही दिसते.

तोवर कार्डाचा तो संयुक्त हक्क इतिहासजमा झाला होता. २००५ मध्ये संघटनेचे कंपनीत रूपांतर झाले. सभासदांना मालकीपोटी शेअर मिळाले आणि व्यापाराचा हक्क त्यापासून वेगळा करण्यात आला. किमान ५१ टक्के भागभांडवल दलालांव्यतिरिक्त इतरांकडे असावे, असे बंधन आले. ३ फेब्रुवारी २०१७ रोजी या कंपनीचा शेअर सार्वजनिक खरेदीविक्रीस आला, तो राष्ट्रीय शेअर बाजारात. स्वतःच्याच बाजारात स्वतःच्या शेअरची नोंदणी करण्यास नियमांनी मनाई होती.