टायरची निगा : हवा, झीज आणि वय

मोटारीचे इंजिन कितीही शक्तिशाली असो वा ब्रेक कितीही उत्तम असोत, रस्त्याशी तिचा संबंध येतो तो केवळ चार टायरमार्फत. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. तरीही मोटार नियमितपणे धुणारे आणि ऑइल वेळेवर बदलणारे अनेक वाहनधारक टायरकडे वळतात ते पंक्चर झाल्यावरच.

पूर्वी खड्ड्यांच्या रस्त्यांवर वेगालाच मर्यादा असे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. पुढे डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात तासन्‌तास एकाच वेगाने मोटार पळविणे आता शक्य झाले आहे. अशा प्रवासात टायरची कसोटी लागते आणि वेगात टायर फुटल्यास सावरण्यास क्षणभराचाही अवधी मिळत नाही.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी काय?

‘उन्हाने हवा प्रसरण पावते आणि टायर फुटतो, म्हणून उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी,’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, इतकेच नव्हे तर धोकादायकही आहे. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर मोटारीच्या टायरमधील दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो. ही वाढ गृहीत धरूनच टायरची रचना केलेली असते.

खरा शत्रू आहे कमी हवा. हवा कमी असलेला टायर भाराखाली दबतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजूची भिंत प्रमाणाबाहेर वाकते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या लहान मोटारीचे चाक मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेते. इतक्या वेळा वाकणाऱ्या रबरात आतून उष्णता साठत जाते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेर टायर फाटतो. त्यात मोटार प्रवाशांनी व सामानाने भरलेली असेल, तर धोका आणखी वाढतो.

योग्य दाब कोणता?

टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो, आपल्या मोटारीसाठी योग्य असलेला नव्हे. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील किंवा इंधनाच्या झाकणामागील पट्टीवर आणि मोटारीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पूर्ण भार असताना मागील टायरसाठी अनेकदा अधिक दाब सांगितलेला असतो. सहकुटुंब गावी जाण्यापूर्वी तो पाहून घ्यावा.

हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी, म्हणजे मोटार तीन तास उभी असताना किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालविल्यावर. लांबच्या प्रवासात पंपावर थांबल्यावर दाब चार-पाच पीएसआयने अधिक दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. टायर थंड झाल्यावर ती कमी ठरेल. टायर सुस्थितीत असला तरी दरमहा थोडी हवा आपोआप कमी होते, म्हणून महिन्यातून किमान एकदा तपासणी आवश्यक आहे.

नायट्रोजन भरल्यास दाब काहीसा सावकाश उतरतो, हे खरे. परंतु साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यामुळे नायट्रोजन भरल्याने नियमित तपासणीतून सुटका होत नाही.

झीज काय सांगते?

नव्या टायरच्या खाचा साधारणपणे सात ते आठ मिलिमीटर खोल असतात. मोटारीसाठी ही खोली १.६ मिलिमीटरहून कमी असू नये. ती ओळखण्यासाठी खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की टायर बदलावा. पावसाळ्यात मात्र इतकी वाट पाहणे हिताचे नाही. खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाहेर काढण्याचे आहे. खाचा उथळ झाल्या की वेगात असलेली मोटार पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात.

झिजेच्या खुणांवरून दोषही ओळखता येतो. दोन्ही कडा अधिक झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे; मधला भाग झिजला असेल तर ती जास्त आहे. एकच कड झिजली असेल तर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे. जागोजागी चट्टे पडले असतील तर बॅलन्सिंग किंवा शॉक अॅब्सॉर्बर यांत बिघाड संभवतो. झीज सारखी व्हावी यासाठी दर आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर पुढील-मागील टायरची अदलाबदल करावी.

दोनच नवे टायर घ्यावयाचे झाल्यास ते मागे बसवावेत. पुढे बसविण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु ओल्या रस्त्यावर मागील चाके घसरली, तर मोटार भोवऱ्यासारखी फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

टायरचे वय

मोटार कमी चालत असली तरी रबर जुने होतच असते. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या संकेताच्या शेवटी चार अंक असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. दहा वर्षांनंतर तो वरून चांगला दिसला तरी वापरू नये. भिंतीवर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसल्यास वयाचा विचार न करता टायर बदलावा. खाचांच्या भागातील पंक्चर दुरुस्त होते, भिंतीला पडलेले छिद्र नाही.

हाच नियम स्टेपनीलाही लागू आहे. वेल्समधील लानेली येथील स्टेपनी स्ट्रीटवरून हा शब्द जगभर गेला आणि आपल्याकडे तो घरचाच झाला. डिकीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या स्टेपनीत ऐनवेळी हवाच नसते, हा अनुभव अनेकांना आला असेल. २०२० मधील नियमबदलानंतर काही मोटारींत स्टेपनीऐवजी पंक्चर दुरुस्तीचे साहित्य आणि हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा असते. आपल्या मोटारीत काय आहे, ते घरीच पाहून ठेवावे.

टायर फुटलाच तर...

मोठा आवाज होऊन मोटार एका बाजूला ओढली जाऊ लागताच पाय आपोआप ब्रेककडे जातो. नेमके तेच टाळावे. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून मोटार सरळ ठेवावी, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. मोटार ताब्यात आल्यावरच हलकेच ब्रेक लावून डाव्या कडेला थांबावे. धोक्याचे दिवे लावावेत, मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि प्रवाशांना वाहतुकीच्या बाजूने न उतरविता कठड्यापलीकडे उभे करावे.

हवा मोजण्याचा साधा गेज फारसा महाग नसतो आणि पाचही टायर तपासण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी सकाळी मोटार थंड असतानाच हे काम उरकावे.