तसबीर आणि छाया

हैदराबादेत, मार्चमध्ये आलेल्या एका रमजानमधली ही संध्याकाळ. जुन्या शहरातल्या एका घराच्या गच्चीवर आम्ही दहा-बारा जण सायनोटाइप शिकायला जमलो होतो. निम्म्याहून अधिक जणांचा रोजा होता. असरची नमाज झाल्यावर सुरुवात करायची आणि सूर्यास्ताच्या आत आवरायचं, असं ठरलं होतं. घाई इफ्तारची होती, तशी उतरत्या उन्हाचीही. कॅमेरा नव्हताच, होते रसायन लावून अंधाऱ्या खोलीत वाळवलेले पिवळट हिरवे कागद.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ही कृती शोधली. कागदावर दोन लोहक्षारांचं मिश्रण लावायचं, वर एखादी वस्तू ठेवून तो उन्हात धरायचा. ऊन लागतं तिथे गडद निळा रंग धरतो. सावलीतलं रसायन पाण्यात धुऊन जातं आणि कागद पांढरा राहतो. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशेवाळांची अशी चित्रं पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली. इमारतींचे निळे नकाशेही पुढे याच रीतीने निघू लागले.

कोणी कागदावर कडुलिंबाची डहाळी ठेवली, कोणी जाळीदार विणलेली टोपी. माझ्या शेजारच्या मुलीने आजीची तसबीह ठेवली. तिच्या दादीने आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता. तसवीर हराम, एवढंच म्हणायची. आता दादी नाही आणि घरात तिचा एकही फोटो नाही.

इस्लाम आणि चित्र यांचं वाकडं, हे मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण इतिहास इतका सरळ नाही. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथमने सूर्यग्रहणावर एक प्रबंध लिहिला. खंडग्रास ग्रहणात बारीक छिद्रातून आलेला सूर्यप्रकाश समोरच्या पृष्ठभागावर चंद्रकोरीसारखा उमटतो आणि छिद्र मोठं केलं की ती कोर हरवते, असं का होतं याची त्याने कारणं दिली. कॅमेऱ्याच्या इतिहासातलं ते एक महत्त्वाचं पान आहे.

त्याच कैरोत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात, इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी छायाचित्रणाच्या बाजूने पुस्तिका लिहिली. त्यांचा मुद्दा असा, की छायाचित्रकार नवं काही निर्माण करत नाही. आधीच असलेली सावली तो फक्त धरून ठेवतो. सगळ्या उलेमांना हे पटलं नाही. दादीच्या ‘हराम’मागेही जुना, गंभीर वाद होता, तो केवळ अडाणीपणा नव्हता.

गंमत आपल्या भाषांची. मराठीतली ‘तसबीर’ अरबी ‘तस्वीर’मधूनच आली, आणि आपण ती देवघरात टांगली. उर्दूत छायाचित्रणाला अक्कासी म्हणतात. ‘अक्स’ म्हणजे प्रतिबिंब. आणि आपलं ‘छायाचित्र’? मुफ्तींचा सगळा युक्तिवाद त्या एका शब्दात मावतो.

ऊन उतरलं होतं, म्हणून कागद बराच वेळ ठेवावे लागले. मग एकेक कागद पाण्याच्या परातीत गेला. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेले हात त्या पाण्यात बुडत होते. पिवळं पाणी वाहून गेलं आणि निळ्यावर पांढरे मणी वर आले. मुलीने ते मोजले. तेहतीसपैकी एकतीस, दोन मणी एकमेकांवर सरकले होते.

“इसको तसवीर बोलते क्या?” तिने विचारलं.

“हमारी मराठी में छायाचित्र बोलते.”

“मतलब?”

“साये की तसवीर.”

ती काही बोलली नाही. कागद तिने दोरीवर चिमटा लावून टांगला आणि साबणाने हात चोळून चोळून धुतले. तेवढ्यात मशिदीचा सायरन झाला. कोणीतरी खजुरांची बशी पुढे केली. तिने दोन उचलले, एक मला दिला. कागद वाळत होता, आणि निळा रंग अजून गडद होत होता.