प्रकाशाचे देणे : पनवेलचे डोंगर आणि चित्रपटांची कार्बन-भरपाई

चित्रपटनिर्मितीत जळालेल्या इंधनाची भरपाई निर्मात्याने करावी, ही कल्पना जेमतेम दोन दशकांची आहे. परंतु मुंबईचा चित्रपटव्यवसाय बाह्यचित्रणासाठी ज्या पनवेल-खालापूर-कर्जत पट्ट्याकडे वळला, तेथील लाकूड, कोळसा, पाणी आणि जंगल यांचा हिशेब तिच्याहून कितीतरी जुना आहे. कार्बन-भरपाई म्हणजे एका ठिकाणी टाळता न आलेल्या उत्सर्जनाइतका कार्बन डायऑक्साइड अन्यत्र शोषला जाईल, किंवा हवेत जाण्यापासून रोखला जाईल, अशा कामासाठी पैसे मोजणे होय. या व्यवहाराचे एकक एक टन असून त्यालाच कार्बन क्रेडिट म्हटले जाते.

दादासाहेब फाळके यांच्या काळात अशा हिशेबाची गरजच नव्हती. 1913 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण माथेरानच्या डोंगररांगेपलीकडे वांगणीला झाले, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवला जात होता आणि प्रकाश सूर्याचा होता. बाबूराव पेंटर यांनी 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला आणि 1931 पासून बोलपट आल्यावर बाहेरचा आवाज रोखण्यासाठी चित्रण बंदिस्त स्टुडिओत गेले, त्यामुळे दिवे ही चैन न राहता अट झाली. त्या काळातील आर्क दिव्यात दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवली जाई आणि त्याला प्रवाहही भरपूर लागे.

मुंबईच्या त्या विजेचा मोठा भाग सह्याद्रीतून येत होता, ही गोष्ट चित्रपटांच्या इतिहासात क्वचितच नोंदली जाते. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये, कर्जतजवळचे भिवपुरी 1922 मध्ये आणि भिरा 1927 मध्ये सुरू झाले. या विजेला धूर नव्हता, पण किंमत होती, कारण भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणाखाली मावळातील गावे आणि भातखाचरे जाणार म्हणून 1921 मध्ये सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट यांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला आणि तरीही धरण झाले. स्वच्छ ऊर्जेची किंमत ती वापरणाराच देतो असे नाही, हे या प्रदेशाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले. पुढे 1956 मध्ये ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू झाले आणि शहराच्या विजेत इंधनाच्या धुराचा वाटा वाढत गेला.

बाह्यचित्रणात मात्र खरा भार पडला तो डिझेलवर. कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये चौक-कर्जत रस्त्याजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला, ‘जोधा अकबर’साठी तेथे किल्ल्यांचे आणि महालांचे सेट बांधले गेले आणि पनवेलवरून जाणाऱ्या रस्त्याला लाइटच्या टेम्पोंची आणि जनरेटर व्हॅनची वर्दळ परिचित झाली. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे साधारण 370 लिटरमागे एक टन, एक क्रेडिट. सेटचे प्लायवूड पुन्हा वापरणे, जुन्या दिव्यांऐवजी एलईडी लावणे, जवळच्या वाहिनीवरून तात्पुरती वीजजोडणी घेणे, ही सारी घट निर्मात्याच्या हातात असते. वाहिनी जेथे पोहोचलेलीच नाही तेथील डिझेल, किंवा दूरच्या चित्रणस्थळाचा विमानप्रवास, एवढेच टाळता न येणारे उत्सर्जन मानणे प्रामाणिकपणाचे ठरते. हा क्रम उलटला, म्हणजे आधी क्रेडिट घेतले आणि मग जनरेटर दिवसभर चालू ठेवला, तर भरपाई ही केवळ परवानगी होऊन बसते.

चित्रपटांत या हिशेबाची ठळक सुरुवात 2004 च्या ‘द डे आफ्टर टुमॉरो’पासून झाली. दिग्दर्शक रोलँड एमरिक यांनी त्या चित्रपटाच्या उत्सर्जनाच्या भरपाईसाठी स्वतःचे 2 लाख डॉलर दिले. ब्रिटनमध्ये 2011 पासून बाफ्टा या चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीच्या छत्राखालील ‘अल्बर्ट’ या उपक्रमाने निर्मितीचे उत्सर्जन मोजण्याची पद्धत रुळवली. भारतात 2015 चा ‘ऐसा ये जहाँ’ हा देशातील पहिला कार्बन-तटस्थ, म्हणजे उत्सर्जन आणि भरपाई समसमान असलेला, चित्रपट म्हणून सादर झाला. वृक्षलागवड हे भरपाईचे सर्वांत सुलभ आणि पडद्यावर दाखवण्याजोगे रूप. पण डिझेल एका शिफ्टमध्ये जळते आणि रोप त्यातून निघालेला कार्बन शोषायला कित्येक वर्षे घेते, हे अंतर कोणत्याही प्रमाणपत्राने मिटत नाही.

पनवेलच्या डोंगरांवर ही लागवड करायची झाल्यास आणखी एक प्रश्न आधी सोडवावा लागतो, तो म्हणजे जमीन कोणाची. भाताच्या रोपवाटिकेवर फांद्या, पालापाचोळा आणि शेण भाजण्याची, म्हणजे राबाची, येथील शेती जंगलाच्या आधारावरच चाले, आणि वनखात्याच्या निर्बंधांविरुद्ध ठाणे-कुलाबा भागातून इतक्या तक्रारी झाल्या की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात, जे आज पनवेलशेजारच्या उरण तालुक्यात आहे, जंगल सत्याग्रह करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला आणि माणसे हुतात्मा झाली. कातकरी आणि ठाकूर कुटुंबे नाचणी-वरी पिकवतात त्या डोंगरउतारावरील दळी जमिनींचे हक्कही पिढ्यान्‌पिढ्या अधांतरी राहिले, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांना कागदावर मान्यतेचा मार्ग मिळाला. त्यातही कातकऱ्यांचा इतिहास विशेष बोचरा आहे: पूर्वी खैराचा कात काढणाऱ्या आणि पुढे कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्या या समाजाच्या श्रमातून शहराचे इंधन निघाले आणि जंगल तुटल्याचा ठपकाही त्यांच्यावरच ठेवला गेला.

म्हणून एखाद्या चित्रपटाने या परिसरात झाडे लावायची ठरवली, तर दळीच्या उतारावर कुंपण घालून लावलेली हजार रोपे ही भरपाई नसून नवी वसुली होय. याउलट ग्रामसभेच्या संमतीने, तिनेच निवडलेल्या जागेवर, खैर, मोह, हिरडा अशा तिच्या उपयोगाच्या झाडांची लागवड करता येते. मात्र पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाणी घालण्याची, वणव्यापासून राखण्यासाठी जाळरेषा काढण्याची आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याची मजुरी चित्रपटाच्या अंदाजपत्रकात चित्रण सुरू होण्यापूर्वीच धरली गेली पाहिजे, कारण चित्रपट प्रदर्शित झाल्यावर निर्मितीसंस्थेचे खाते बंद होते आणि रोपाला त्यानंतरचे कित्येक उन्हाळे काढायचे असतात.