दारूवर संशोधन करायचंय, जायचं कुठं?

परवा अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेर चहा घेताना जुन्या मित्राची मुलगी भेटली. मित्र आता नाही. लिव्हर गेलं, कशानं ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मुलीनं नुकताच बायोकेमिस्ट्रीतला पीएचडीचा प्रबंध जमा केलाय. म्हणाली, "काका, पुढे दारूच्या व्यसनावरच काम करायचंय. आई म्हणते, एकदाची घरातून गेली, परत कशाला आणतेस? तुम्ही पेपरवाले, सांगा, हे शिकायला जायचं कुठं?"

मला चटकन सांगता आलं नाही. मलंगगडाच्या पायथ्याच्या हातभट्ट्यांवरच्या धाडी मी वर्षानुवर्षं छापतोय. इतके लिटर रसायन नष्ट, इतके ड्रम फोडले. पिणाऱ्याचं पुढे काय झालं, ही बातमी कधी केली नाही. मग घरी येऊन वाचत बसलो.

आपल्याकडे 1949 साली मुंबई दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे, परवाना काढून प्यायची सोयही त्यातच आहे. त्यातून धाडी आल्या, परवाने आले, महसूल आला. अभ्यासाची सोय काही त्यातून आली नाही.

अमेरिकेतही 1920 ते 1933 दारूबंदी होती, ती फसली. पण पुढे 1970 मध्ये तिथं एक कायदा झाला आणि त्यातून दारूच्या व्यसनावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाच उभी राहिली. तो कायदा रेटणारे सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज स्वतः एकेकाळचे पक्के दारुडे! आज तीच संस्था पीएचडी झालेल्या पोरांना विद्यापीठांत जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकायला पैसे देते. म्हणजे दारूवरचा संशोधक ठरवून घडवतात.

आपल्याकडचे लोक वाकड्या वाटेनं इथं पोचले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1984 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आले ते काही दारूसाठी नव्हे. 1986 मध्ये गडचिरोलीत गेले, तिथं दारूचा प्रश्न समोर आला. मग शिकलेली पद्धत कामी आली. लोक किती पितात, त्यावर किती पैसा जातो, याचा हिशेब मांडला. लोकांची चळवळ उभी राहिली आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. (1986 मध्येच पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, पण ते उपचाराचं काम.)

डॉ. विक्रम पटेल मुंबईत डॉक्टर झाले, ऑक्सफर्ड-लंडन करून दोन वर्षं थेट झिंबाब्वेत संशोधनाला गेले. परत येऊन गोव्यात 'संगत' उभी केली. तिथं त्यांनी आणि डॉ. अभिजित नाडकर्णींनी केलेला एक प्रयोग 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, जास्त पिणारे पावणेचारशेच्या आसपास पुरुष. निम्म्यांना नेहमीचा सल्ला. उरलेल्यांना त्याशिवाय समुपदेशन, तेही डॉक्टरांनी नाही, तर शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी. तीन महिन्यांनी समुपदेशनवाल्यांपैकी शंभरात 36 जणांचं पिणं आटोक्यात आलं होतं, दुसरीकडे 26. तुम्ही म्हणाल, दहाचाच फरक. अहो, पण तो मोजलेला आहे! आणि मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या गावातही करता येईल असा आहे. आमच्या मित्राला कुणी असं समोर बसवून एकदाही विचारलं नव्हतं.

आता देशात बंगळुरूचं निम्हान्स आहे, एम्सचं गाझियाबादचं केंद्र आहे. एम्सच्याच 2019 च्या राष्ट्रीय अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळतो. उरलेल्या 37 जणांपर्यंत कसं पोचायचं, हे शोधायलाच माणसं लागणार.

काल मुलीला फोन करून हे सगळं सांगितलं. आधी निम्हान्सला विचार, पण प्रयोगशाळेत बसण्याआधी गोवा आणि गडचिरोली बघून ये, म्हटलं. वहिनी अजून "बघू" म्हणतायत. ठेवता ठेवता पोरीनं विचारलं, "काका, अर्जात बाबांबद्दल लिहू का?"

ह्यूजनं स्वतःचं लपवलं नव्हतं, एवढंच सांगितलं.